हंगाम संपतो, टार्गेट संपत नाही

जुलै २०२५ मध्ये बारामतीत एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुख्य व्यवस्थापकाने शाखेतच जीवन संपवले. काही दिवसांपूर्वीच त्यांनी राजीनामा दिला होता आणि नोटिशीचा काळ चालू होता. मागे सापडलेल्या चिठ्ठीत कामाच्या ताणाचा उल्लेख होता, आणि कर्मचाऱ्यांवर एवढा दबाव टाकू नका अशी बँकेला विनंती होती. आत्महत्येला एकच एक कारण नसते असे मनोविकारतज्ज्ञ सांगतात, ते खरेच. पण चिठ्ठीतली ती विनंती बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या नोकरदार घरांत खूप दिवस बोलली गेली. आमच्या घरात त्यावर खरा वाद झाला तो भाऊबीजेला.

वाद घालणारे दोघे. मामा इंदापूर तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे पॅनमध्ये पाक उकळून साखरेचा दाणा धरणारे; आता निवृत्त आहेत. दुसरी माझी मावसबहीण. ती वेगळ्या एका बँकेत अधिकारी आहे, बारामतीत एमआयडीसीच्या बाजूच्या शाखेत. तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. मामांची बोली मी फारशी शहाणी केलेली नाही. मी मध्ये बोललो तो आकड्यांपुरता, आणि कधी कधी राहवले नाही म्हणून.

मामा : जो उठतो त्याला ताण! आमी काय पायघड्यांवरनं चाललो का? पहाटं चारची पाळी म्हंजी अडीचला उठायचं. थंडीत सायकल मारत गेट गाठायचं. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते पहाटं चार. पाळी फिरली की झोप फिरली, पोट फिरलं. सहा महिने सण न्हाई. संक्रांत पॅनवर, होळी पॅनवर. कुणी चिठ्ठ्या लिवल्या न्हाईत.

ताई : मामा, लिहिल्या नाहीत म्हणजे झाल्या नाहीत असं नसतं. ते राहू द्या. मला एक सांगा, पॅन कधी उतरवायचा हे कोण ठरवायचं?

मामा : कोण म्हंजी? मी.

ताई : चीफ केमिस्ट नाही?

मामा : केमिस्ट यायचा, बघायचा, मान डोलवायचा. प्रूफ स्टिक वढायची मी. चिमूटभर पाक काचंवर घ्यायचा, बल्बाफुडं धरायचा. दाणा एकसारखा दिसला पायजे. मधीच पिठावाणी बारीक काय चमकलं की समजायचं, खोटा दाणा धरला. मंग पाणी मारून त्यो इरघळवायचा आन् पुन्हा बसायचं राखण करत. त्यात एम.डी. आला तरी बोलायची टाप न्हाई. एकदा एक साहेब म्हणले, जरा लवकर उतरवा, फुडं मशीन रिकामं हाय. म्हणलं साहेब, काच घ्या, तुम्हीच बघा. गेले निघून.

ताई : हेच मला हवं होतं.

मामा : काय हवं व्हतं?

इथे मी तोंड घातले. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने कामाच्या ताणाची एक मांडणी केली, ती अजून वापरात आहे. काम किती अंगावर येते एवढेच त्याने पाहिले नाही; त्या कामात माणसाला स्वतःचे किती चालवता येते हेही पाहिले. काम भरपूर आणि चालवता काहीच येत नाही, तिथे माणूस सर्वात जास्त झिजतो. काम भरपूर आणि चालवताही येते, तिथे तोच माणूस उलट तरबेज होतो. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. साहेब लोकांना जबाबदारीमुळे हृदयविकार जास्त होत असणार, असा तेव्हाचा समज होता. निघाले उलटे. सर्वात खालच्या पायरीवरच्या माणसांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वात वरच्यांच्या सुमारे तिप्पट होते. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही.

मामा : म्हंजी मी ताणात नव्हतो, असं तुझं शास्त्र म्हणतंय?

ताई : थकत होता, मामा. थकणं वेगळं. थकलेला माणूस झोपतो. मी झोपत नाही.

ती एवढे बोलून थांबली. मामीने पुढे केलेल्या ताटलीतली करंजी तिने उचलली आणि हातातच धरून ठेवली. मग तिने एका दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी शाखा उघडायच्या आधीच फोनवर ग्रुपचे मेसेज सुरू होतात. कुठल्या शाखेने किती विमा पॉलिसी काढल्या, किती खाती उघडली, किती पीककर्जांचे नूतनीकरण बाकी, याची यादी फिरते आणि तळच्या शाखांची नावे लाल रंगात असतात. आठवड्यातला एखादा दिवस ‘लॉगिन डे’ म्हणून जाहीर होतो. त्या दिवशी एकाच योजनेचे अर्ज आणायचे. दिवसभर काउंटरवर केवायसी, आधार जोडणी, पासबुक. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे पहिले तीन हजार जमा झाले तेव्हा शाखेच्या दारापासून रस्त्यापर्यंत बायका उभ्या होत्या. ज्यांचे आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले, त्यांचे पैसे तिकडे गेलेले. शिव्या मात्र समोर बसलेल्याला. आणि दार बंद झाल्यावर, संध्याकाळी सात वाजता, व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, रिव्ह्यू.

ताई : त्या व्हीसीत मला विचारतात, पॉलिसी का नाही झाल्या? आता मामा, बाजरी काढायला निघालेला माणूस पॉलिसी घेत नाही, याला मी काय करू? तुमच्या काचेवर दाणा दिसत होता. माझ्या काचेवर फक्त आकडा दिसतो, आणि तो माझ्या हातात नाही.

मामा : बरं. पण तुझ्या शेजारच्या टेबलावर त्यो नांदेडचा पोरगा बसतो की. त्यालाबी हेच टार्गेट. तू सांगितलं व्हतंस, त्यो डबा खाऊन हसत घरी जातो. मंग आग सारखी असून एक पाक करपतो, दुसरा न्हाई, ते का?

ताई : तुम्हीच सांगा. तुम्ही पॅनमन.

मामा : व्हॅक्यूम. पंचवीस-सव्वीस इंच धरून ठिवला की पाक पासष्ट-सत्तर डिग्रीलाच उकळतो, साखर करपत न्हाई. व्हॅक्यूम तुटला की तीच वाफ, त्योच पाक, पण काळा. माणसानं आपल्या डोक्यात तेवढी मोकळी जागा धरून ठिवायची. तू समदं आत घेतीस. ल्हानपणापासनं.

हा मामांचा खरा मुद्दा होता, आणि तो मला तरी हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. ताईलाही नाही. बँकेच्या एका प्रशिक्षणात तिला कि. मो. फडक्यांचे लेखन वाचायला सांगितले होते. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत फडक्यांनी मराठीत रुजवली. घटना माणसाला थेट अस्वस्थ करत नाही. घटनेकडे बघण्याचा आपला हट्टी, अविवेकी दृष्टिकोन करतो, हे त्या पद्धतीचे मूळ सूत्र. ताईने ते वापरून पाहिले होते.

ताई : उपयोग झाला, खोटं का बोलू? आधी व्हीसीत माझं नाव आलं की पोटात गोळा यायचा. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली म्हणजे आपण नालायक, हे मी मनात पक्कं धरून बसले होते. ते सुटलं. आता बोलणी खाते आणि जेवतेसुद्धा. पण मामा, त्यानं शाखेतली दोन रिकामी पदं भरली नाहीत. मी शांतपणे तीन माणसांचं काम करायला लागले, एवढंच. आणि साहेबांना वाटलं, बघा, ट्रेनिंगचा फायदा झाला.

मामा : हा. ह्ये मातूर डांबिसपणाचं हाय.

माझे मत इथे ताईच्या बाजूचे आहे. एमआयडीसीतल्या कंपन्यांत, बँकांत, अगदी शाळांतही अलीकडे ‘ताणमुक्ती’ची सत्रे होतात. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. श्वासाने बरे वाटते, यात शंका नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत कामाची रचना बदलणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे यांना ठळक जागा आहे. आपल्याकडे सत्र खालच्यांसाठी असते आणि वरिष्ठ उद्घाटन करून निघून जातात.

मामांना मात्र हा सूर पुरता पटेना. ते उठले, पाणी पिऊन आले आणि वेगळ्याच बाजूने आले.

मामा : तुकोबांची पालखी बघ. बारामतीतनं निघती, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, मंग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. पाय सुजल्यात, वरनं पाऊस, ताटात मिळंल ते. कुठल्या वारकऱ्याला ताण आला?

ताई : कारण पंढरपूर येतं, मामा. चंद्रभागा दिसली की संपलं. तुमचा हंगामसुद्धा संपायचा. ऊस संपला, मिल थांबली, गव्हाण रिकामी. आमचा ३१ मार्च संपतो आणि १ एप्रिलला नवा आकडा येतो. गेल्या वर्षीपेक्षा मोठा. चांगलं काम केलं तर त्याहून मोठा.

मामा : हंगाम संपायचा ते तू लई गोड करून सांगतीस. मी पहिली कैक वर्षं हंगामी व्हतो. मिल थांबली की रिटेन्शन म्हणून पगाराचा तुकडा हातात, आन् त्योबी कधी मिळंल त्याचा पत्त्या न्हाई. एका साली चार महिने पगार थकला. वाण्याच्या दारावरनं जायची लाज वाटायची. तवा रातीची झोप मलाबी न्हवती. काम न्हाई म्हणून.

ताई : हे कधी बोलला नाहीत.

मामा : कुणाला बोलायचं? आमच्यात एक फिटर व्हता. लई हुशार गडी. पाळी सुटली की गुत्त्यावर. समदे म्हणायचे, दारुड्या. आता वाटतं, त्योबी तसलाच काय तरी… जाऊ दे.

मामांनी विषय तोडला, पण माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वात मोलाचे वाक्य तेच होते. कामाचा ताण आपल्याकडे ताण म्हणून समोर येतच नाही. तो दारू, चिडचिड, ॲसिडिटी, पाठदुखी, बीपी अशी नावे घेऊन येतो. डॉक्टर गोळी देतो आणि मूळ कारण गेटच्या आत राहते. आंतरराष्ट्रीय रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, ‘बर्नआउट’ला जागा मिळाली ती आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणे दिली आहेत: पार गळून जाणे, कामाविषयी मन तुटणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. मी ती वाचून दाखवली.

ताई : दुसरं मला झालंय. परवा एक आजी आल्या, निराधार योजनेचे पैसे बघायला. सही जुळेना, अंगठा मशीन घेईना. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला राग आला. त्यांच्या बोटांचा राग. घरी आल्यावर मी स्वतःलाच घाबरले.

मामा काही बोलले नाहीत. मी १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये टाकून दिला. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. नंबर घेताना ती म्हणाली, ‘मला वेड नाही लागलेलं.’ असेच सगळे म्हणतात, म्हणून तो नंबर वेळ येण्याआधी फोनमध्ये असलेला बरा.

मग बोलणे तासांवर आले, कारण ताईचे यजमान एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास, आणि कामगाराची लेखी संमती हवी.

मामा : लेखी संमती! ठेकेदाराच्या पोरानं संमती दिली न्हाई तर उद्या गेटवर त्याचं कार्ड चालतंय का?

ताई : बघा, आता तुम्ही माझ्या बाजूला आलात.

मामा : बाजू-बिजू न्हाई. कायदा वाचणारा आन् गेटवर हुबा असणारा येगळा असतो, एवढंच म्हणलो.

तासांना अगदीच दुय्यम म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासाप्रमाणे आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. ताईने बोटांवर आपले तास मोजले. आकडा तिने सांगितला नाही.

मामा : तास मोजायचे तर ऊसतोड्यांच्या कोपीत जाऊन मोजा. आता दिवाळी झाली की बीडकडनं गाड्या येतील. पहाटं तीनला फडात, रातीला गाडी भरायची. मुकादमाची उचल डोक्यावर. एक दिवस आजारी पडलं की खाडा, त्याचे पैसे कापणार. बायकांनी काय करायचं? तुमच्या व्हीसीत निदान खुर्ची असती.

याला उत्तर नव्हते, आणि ताईने दिलेही नाही. खाडा पडू नये, पाळीचा त्रास नको, म्हणून ऊसतोड बायका गर्भाशय काढून घेतात, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कामाच्या ताणाची चर्चा आपण वातानुकूलित ऑफिसापासून सुरू करतो आणि बहुधा तिथेच संपवतो. कामात सर्वात कमी चालवता येते ते फडातल्या बाईला. व्हाइटहॉलच्या शिडीत तर तिच्यासाठी पायरीच नाही.

ताई : मान्य. पण त्यांचं दुःख मोठं म्हणून माझं खोटं ठरत नाही.

मामा : खोटं कोण म्हणतंय? मी म्हणतोय, करायचं काय ते सांग. नुसतं रडून व्हॅक्यूम येत न्हाई.

ताईकडे उत्तर तयार होते; तिने त्यावर बराच विचार केलेला दिसला. रिकामी पदे भरा. सातनंतर मेसेज नकोत. रिव्ह्यूत तेवढेच विचारा जे शाखेच्या हातात आहे: कर्जाची फाइल किती दिवस पडून राहिली, हे विचारा, पॉलिसी किती विकल्या, हे नको. मार्च २०२४ च्या करारात बँक संघटना आणि बँका यांच्यात सगळ्या शनिवारांच्या सुट्टीवर सहमती झाली, पण सरकारची मंजुरी अडकून पडली आहे, तीही द्या. मग ती हसली आणि म्हणाली, एक गोष्ट मात्र रिझर्व्ह बँकेने आधीच दिली आहे, आणि तीही चुकून.

जोखमीच्या जागांवर बसणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, सलग किमान दहा कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता सक्तीच्या रजेवर पाठवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या काळात साधी अंतर्गत ईमेल सोडली तर यंत्रणेत शिरता येत नाही. हेतू आरामाचा नाही. माणूस जागेवर नसताना त्याने काही अफरातफर दडवली असेल तर ती वर यावी, म्हणून ही रजा.

मामा : म्हंजी चोर समजून सुट्टी देत्यात?

ताई : हो. आणि मामा, वर्षातली तेवढीच सुट्टी खरी असते. मागितलेल्या रजेत फोन येतोच. मागितली म्हणून अपराधी वाटतं ते वेगळंच. या रजेत कुणी फोन करत नाही, कारण केला तर नियम मोडतो. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी मी दुपारी झोपले. दुपारी!

मला यात ताणाच्या व्यवस्थापनावरचे अर्धे पुस्तक दिसते. विश्रांती माणसाच्या मर्जीवर सोडली की ती मिळत नाही. यंत्रणेने दार बाहेरून लावले की मिळते. साखर कारखान्यात ते दार ऊस संपल्यावर आपोआप लागायचे. पोट भरायची सोय असती, तर मामांचा ऑफ सीझन ही उत्तम व्यवस्था ठरली असती.

शेवटचा विषय ताईच्या प्रमोशनचा. पुढच्या स्केलचा अर्ज भरायचा की नाही, यावर तिचे ठरत नव्हते. त्या पदावर गेले की स्वतंत्र शाखा मिळण्याची शक्यता, आणि बदली.

मामा : नको भरू.

ताई : आत्ता तर म्हणत होता, सगळं मनात असतं!

मामा : म्हणत व्हतो. पण जुलैत जे झालं त्यो माणूस काय हलक्या मनाचा व्हता का? एवढ्या वर्षांची नोकरी. शाखेचा साहेब. तरी…

ताई : म्हणूनच भरावा वाटतो. याने सांगितलं ना, वर जाल तसं जास्त चालवता येतं, माणूस जास्त जगतो.

मी सांगितले ते लंडनचे होते, हे मला तिथेच कबूल करावे लागले. शाखेचा व्यवस्थापक वरचा की खालचा, हे त्या शिडीवरून कळत नाही. टार्गेट वरून येते, गर्दी खालून येते. पाटी त्याच्या नावाची; पण किती माणसे मिळणार, कुठले उत्पादन विकायचे, किती वाजता घरी जायचे, यातले एकही त्याच्या हातात नसते.

ताई : मग पॅनमनची नोकरी आहे का कुठं?

मामा : आता समदं कॉम्प्युटरवर हाय म्हणत्यात. पोरगं स्क्रीन बघतं, काच कुणी धरत न्हाई. फॉर्मची तारीख कधी हाय?

ताई : पंधरा.

मामा : मंग अजून येळ हाय. आधी त्या रिकाम्या जागा भरणार का, ते लेखी इचार. उत्तर येतंय का बघ, मंग भर.